माती परीक्षण सेवा, कोल्हापूर : आकडे नेमके, अर्थ अपुरा

गगनबावडा तालुक्यातील आमच्या जंगलालगतच्या जांभ्या जमिनीचे दोन नमुने, एक वरच्या थराचा आणि दुसरा हातभर खोलीवरचा, मी कोल्हापुरातील एका खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतले. नमुना लोखंडी खोऱ्याने घेऊ नये, ही तेथील सूचना योग्यच होती. लोह मोजायचे आणि गंजके खोरे वापरायचे, हे बरे नव्हे. अहवाल ठरल्या दिवशी मिळाला.

तक्रार वेगळी आहे. खालच्या नमुन्याचा सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून मातीत येणारा कार्बन, मोजलाच नव्हता. कारण विचारल्यावर ‘तो वरच्याच थराचा बघतात’ असे उत्तर मिळाले. वास्तविक पालापाचोळा कुजताना तयार होणारी ह्युमिक व फुल्विक आम्ले लोह, ॲल्युमिनियम आणि तांबे यांना खेकड्याच्या नांगीसारखी धरतात. त्यामुळे एरवी पाण्यात सहसा न विरघळणारा धातू पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतो आणि सूक्ष्मजीवांनी ते सेंद्रिय संयुग फोडले किंवा ते लोहाच्या ऑक्साइडांना चिकटले, की तेथेच साचतो. म्हणून खालच्या थराचा कर्बही मोजायला हवा. गंमत अशी, की लोह, जस्त यांसारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये मोजण्यासाठी ती मातीतून वेगळी काढायला प्रयोगशाळा वापरते ते डीटीपीए नावाचे रासायनिक द्रावणही अशीच नांगी आहे.

दोन्ही नमुन्यांना झिंक सल्फेट या जस्तखताचा एकच छापील सल्ला जोडलेला होता. सपाटीवरच्या उसासाठी ही सेवा पुरेशी ठरेल. जंगलकाठच्या शेतकऱ्याने मात्र प्रत्येक थराचा कर्ब आणि सामू (आम्ल-विम्लता) मोजण्याची मागणी नमुना देतानाच लेखी नोंदवावी.