जुन्या उंदराला नवा सोबती: सावकाश ओळख की थेट एका खोक्यात?

घरात एक पाळीव उंदीर आहे आणि दुसरा आणायचं मनात आहे, तर जरूर आणा. उंदीर कळपात राहणारा प्राणी. आपण कितीही वेळ दिला तरी अंगाला अंग लावून झोपायला त्याला उंदीरच लागतो. प्रश्न आहे तो दोघांची गाठ कशी घालून द्यायची याचा.

पाळणाऱ्यांत दोन पद्धती चालतात. सावकाश पद्धतीत पिंजरे वेगळे राहतात, रोज थोडा वेळ दोघांना तिसऱ्याच जागेवर भेटवायचं आणि तो वेळ वाढवत न्यायचा. साधारण आठवड्यापासून तीन आठवडे लागतात. थेट पद्धतीत दोघांना एका छोट्या कॅरियरमध्ये, म्हणजे प्राणी नेण्याच्या पेटीत, ठेवतात. जागा इतकी कमी की मालकी सांगायला कोपराच नसतो आणि पळापळ करून भांडायलाही वाव नसतो. मग टप्प्याटप्प्याने मोठी जागा द्यायची. हे बहुधा आठवड्याच्या आत उरकतं. दोन्ही पद्धतींनी उंदीर नीट नांदायला लागतात. पण दापोलीपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतच्या दमट हवेत निवड सारखी राहत नाही. माझा कौल बहुतेक घरांसाठी सावकाश पद्धतीला आहे.

त्याआधी विलगीकरण. ते कुठल्याही पद्धतीत टळत नाही. नवा उंदीर दोन ते तीन आठवडे वेगळ्या हवेत राहायला हवा, कारण श्वसनाचे आजार हवेतून पसरतात आणि दुकानातून आलेलं पिल्लू वरवर ठणठणीत दिसतं. इथे आपल्या घरांची अडचण येते. कौलारू घरात आतल्या भिंती पुष्कळदा आढ्यापर्यंत जातच नाहीत. माजघरात जुना आणि पडवीला लागून असलेल्या खोलीत नवा ठेवला, तरी वरून हवा एकच फिरते. स्लॅबची बंद खोली असेल तर ठीक, नाहीतर शेजाऱ्यांकडे किंवा नातेवाईकांकडे सोय करा. मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, मात्र ठेवू नका. तिथे रानउंदीर आणि घुशी फिरतात, आणि त्यांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) येतो. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोची भीती काय असते ते वेगळं सांगायला नको. पाळलेल्या उंदराला तो लागला तर पिंजरा साफ करणाऱ्या माणसालाही धोका आहे.

आता थेट पद्धत. तिचा गुण खरा आहे: तापट, जागेवर हक्क सांगणाऱ्या नराला ती सहज निवळवते. पण उंदराला घाम येत नाही, अंगातली बरीच उष्णता तो शेपटीतून बाहेर टाकतो. तिशीच्या वरचं तापमान आणि वर दमटपणा असला की त्याची दमछाक सुरू होते. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरमध्ये दोन घाबरलेले उंदीर प्लॅस्टिकच्या कॅरियरमध्ये कोंबायचे आणि तेवढ्यात लाइट जाऊन पंखा बंद पडायचा, हा धोका मी कुणाला घ्यायला सांगणार नाही. डिसेंबर-जानेवारीत, घरी दिवसभर लक्ष ठेवणारं कुणी असेल, तर ही पद्धत जरूर विचारात घ्या. कॅरियर जाळीचं हवं, चारी बाजूंनी हवा खेळणारं. पाण्याची बाटली लावायला जागा नसेल तर काकडीचे तुकडे ठेवा. अंग सैल सोडून, तोंड उघडं टाकून एखादा पडून राहिला तर ती शांतता समजू नका. ताबडतोब बाहेर काढून त्याला गार जागी न्या.

सावकाश पद्धतीला वेळ आणि चिकाटी लागते, पण हवामान तिच्या आड येत नाही. सुरुवातीला दोन पिंजरे शेजारी ठेवा, मात्र शेपूट किंवा बोटं एकमेकांपर्यंत पोचणार नाहीत इतकं अंतर ठेवून. जाळीतून पायाची बोटं चावली जाणं ही नेहमीची इजा आहे. एकमेकांचं अंथरूण अदलाबदल करत राहा. हा टप्पा काही दिवसांचाच असू द्या; नुसतं दिसायचं आणि भेटायचं नाही, असं फार लांबलं तर चिडचिड वाढते.

भेटीची जागा दोघांनाही परकी हवी. पुष्कळ जण न्हाणीघर सुचवतात. शहरातल्या टाइल लावलेल्या बाथरूमला ते ठीक आहे. आपल्याकडे मोरीच्या भोकातून रात्री रानउंदीर येऊन जातात, त्यांचा वास तिथे असतो आणि पिल्लू त्याच भोकातून निसटूही शकतं. त्यापेक्षा धुतलेली चादर घातलेली कॉट बरी. खोलीचं दार बंद, मांजर बाहेर.

आमच्याकडचा काजू पहिल्यांदा तीळ नावाच्या पिल्लाला भेटला तेव्हा त्याने त्याला थेट उताणं पाडलं, पुढचे दोन्ही पाय छातीवर रोवले आणि मानेखालचे केस दातांनी खसाखसा विंचरायला लागला. तीळ चिरकत होता, जणू कुणी जीव घेतंय. घेत कुणीच नव्हतं. पाडणं, दाबून धरणं, चिरकणं, दोन पायांवर उभं राहून ढकलाढकली, एवढं चालू द्यावं. त्यातूनच कोण वरचा ते ठरतं. सावध व्हायचं ते पाठीचे केस ताठ उभे राहून, अंग कमानीसारखं वाकवून, एखादा आडवा आडवा चालत दुसऱ्याकडे सरकतो तेव्हा. मध्ये सूप किंवा जाड पुठ्ठा घाला, हात घालू नका. रक्त निघालं की त्या दिवसाची भेट संपली. डोळ्यांभोवती किंवा नाकाशी लालसर दिसलं तर ते बहुधा रक्त नसतं, ताण किंवा आजारपणामुळे येणारा स्राव असतो. तो टिकून राहिला तर भेटी थांबवून डॉक्टरला दाखवा.

भेटीत खाऊ द्यायचा तर चाटून खायचा द्या. बशीत पसरलेली, मीठ न घातलेली कोमट पेज उत्तम. खोबऱ्याचा तुकडा दिलात तर एक जण तो पळवणार आणि भांडण तिथेच सुरू. अंगाला व्हॅनिला इसेन्स फासायची युक्ती मला पटत नाही. वास झाकला जातो, ओळख होत नाही.

नर आणि मादी एकत्र ठेवायचा विचार असेल तर कुठलीच पद्धत उपयोगाची नाही. पाच-सहा आठवड्यांची मादीही गाभण राहू शकते, २१ ते २३ दिवसांत पिल्लं होतात आणि व्यायल्यावर चोवीस तासांच्या आत ती पुन्हा गाभण राहू शकते. नराची नसबंदी करूनच एकत्र आणा, आणि त्यानंतरही काही आठवडे थांबा. माद्या एकमेकींना लवकर स्वीकारतात. दोन प्रौढ नर सगळ्यात अवघड, त्यातही पाच ते आठ महिन्यांच्या वयात नर जास्त आक्रमक होतात. जुना नर प्रौढ असेल तर एका पिल्लाऐवजी दोन आणणं चांगलं: पिल्लं आपसात दंगा करतात आणि म्हाताऱ्याला निवांतपणा मिळतो. तो दोन वर्षांच्या पुढचा आणि धाप लागणारा असेल, तर एकत्र आणूच नका. शेजारचा पिंजरा पुरे.

एकत्र ठेवायच्या दिवशी पिंजरा व्हिनेगरच्या पाण्याने घासून, उन्हात वाळवून, आतली मांडणी बदलून घ्या. पाण्याच्या बाटल्या दोन, खाण्याच्या वाट्या दोन आणि लपायची घरं दोन दारांची, म्हणजे एकाला कोंडून धरणं दुसऱ्याला जमत नाही. पावसाळा असेल तर अंथरूण नेहमीपेक्षा लवकर बदला. ओलसर अंथरुणात मुताचा अमोनिया साठतो आणि श्वासाची घरघर तिथूनच बळावते.