ब्रँडने पूर्ण पैसे दिले होते, माझ्यापर्यंत आले नाहीत

रील आणि व्हिडिओ करणाऱ्या माझ्या ओळखीच्या कितीतरी मुलींना, गृहिणींना हल्ली 'कोलॅब करणार का?', म्हणजे पैसे घेऊन आमच्या ब्रँडची जाहिरात तुमच्या व्हिडिओत कराल का, असे मेसेज येतात. त्यातले बरेच खरे असतात. चांगल्या ब्रँडबरोबर काम करून दोघांचंही भलं होतं, हे मी स्वतः पाहिलंय, म्हणून प्रायोजकत्व घेऊच नका असं मी सांगणार नाही. पण माझ्याबाबतीत ब्रँड आणि माझ्यामधल्या एजन्सीने जे केलं ते ती आणखी कुणाबरोबर करेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी बडोद्यात राहते. शिंगतेलात, म्हणजे शेंगदाणा तेलात, फोडणी करणारा, आमटीत गूळ सढळ हाताने टाकणारा, उसळीवर मूठभर शेव पसरणारा इथल्या मराठी घरांतला जो स्वयंपाक आहे, त्याचे व्हिडिओ करते. बघणारे थोडे बडोद्यातले, बरेच पुण्या-मुंबईचे आणि काही परदेशी गेलेली इथलीच मुलं.

एजन्सीवाल्याचा पहिला फोन नवरात्रीच्या आधी आला. अस्सल मराठी. "ताई, गुजरातेत राहून तुम्ही आपली चव जपलीत. आमच्या क्लायंटला असाच चेहरा हवाय." बडोद्यात अनोळखी माणूस फोनवर मराठी बोलायला लागला की आपण लगेच "तुम्ही मूळचे कुठले?" विचारतो आणि चार वाक्यांत आडनावांपर्यंत पोचतो. हा माणूस ते पक्कं ओळखून होता. इथल्या दांडिया बाजारात त्याचे काका राहायचे, असं त्याने सांगितलं. खरंखोटं देव जाणे.

उत्पादन होतं ज्वारी-नाचणीचं मिश्र पीठ. ब्रँड खरा, पिठाचा दर्जा चांगला. पाकीट मागवून आधी घरी थालीपिठं करून पाहिली, सगळ्यांना आवडली. दोन रील आणि एक मोठा व्हिडिओ, मिळून 40,000 रुपये ठरले, त्यातले 12,000 आधी. त्याच्या अटी तीन. क्लायंटशी मी थेट बोलायचं नाही, ती म्हणे कंपनीची पॉलिसी. शूट केलेलं सगळं कच्चं फुटेज ड्राइव्हवर टाकायचं, एडिट तेच करणार. आणि सहा महिने दुसऱ्या कुठल्याही पिठाची, मसाल्याची, तेलाची जाहिरात करायची नाही. करार मागितला की उत्तर यायचं, "लीगलकडे आहे ताई, तुम्ही शूट सुरू करा, सणाची डेट निघून जाईल." व्हॉट्सॲपवर मात्र "डन", "कन्फर्म" आणि हात जोडलेली चित्रं भरपूर.

रीलवर 'पेड पार्टनरशिप'चं लेबल लावू नका, रीच पडतो, म्हणजे रील कमी लोकांपर्यंत पोचते, असंही त्याने सुचवलं. मी लावलं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये क्रिएटरसाठी मार्गदर्शन काढलंय. जाहिरात आहे हे साध्या भाषेत, स्पष्ट दिसेल असं सांगायला हवं, आणि व्हिडिओ असेल तर नुसतं खालच्या मजकुरात लिहून भागत नाही, व्हिडिओतही यायला हवं. ते लपवायला सांगणारा माणूस तुमचा आणि ब्रँडचा, दोघांचाही हितचिंतक नसतो.

12,000 मधून 'टीडीएस', म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, म्हणून 1,200 कापून 10,800 जमा झाले. व्हिडिओ चालले, लोकांनी पीठ मागवलं, मला फोटो पाठवले. उरलेल्या 28,000 साठी मात्र आधी क्लायंटचं पेमेंट अडकलं, मग ऑडिट आलं, मग त्याच्या घरी कुणाचं आजारपण निघालं, आणि मग फोन लागेनासा झाला. दिवाळीच्या तोंडावर इथल्या एका तेलघाणीच्या मालकांनी मला जाहिरातीसाठी विचारलं होतं. सहा महिन्यांच्या अटीमुळे त्यांना नाही म्हणावं लागलं. बांधून घातल्याचा वेगळा मोबदला असतो, हेही तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

इथपर्यंत हे पैसे बुडाल्याचं प्रकरण होतं. होळीच्या सुमारास नागपूरच्या एका बाईंनी मला एक जाहिरात पाठवली आणि विचारलं, "ताई, ही पावडर घेतली तर शुगरची गोळी बंद करता येईल का?"

जाहिरातीत मी होते. माझं स्वयंपाकघर, माझे हात, चमच्याने चव घेऊन हसणारा माझा चेहरा. त्यावर आवाज दुसऱ्याच बाईचा, आणि उत्पादन मधुमेह 'मुळापासून' घालवणारी कसलीशी पावडर. मी थालीपिठाचं पीठ चाखून हसले होते. तो तुकडा माझ्या कुठल्याच रीलमध्ये नव्हता, तो फक्त ड्राइव्हवरच्या कच्च्या फुटेजमध्ये होता. म्हणजे तो बाहेर कुठून गेला याबद्दल शंका उरली नाही.

त्या बाईंना आधी फोन करून सांगितलं, गोळी अजिबात बंद करू नका. माझ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून कुणीतरी औषध सोडणार होतं. पैशांपेक्षा हे मला कितीतरी जास्त लागलं, आणि अजून लागतं.

मग मी पिठाचं पाकीट शोधलं. वेष्टनावर ग्राहकसेवेचा पत्ता, फोन आणि ईमेल छापणं कायद्याने बंधनकारक असतं. ज्या ब्रँडशी बोलायची मला मनाई होती, त्याचा पत्ता माझ्या डब्याशेजारी ठेवलेला होता. ईमेल केला, मार्केटिंगच्या मॅडमचा फोन आला. त्यांनी एजन्सीला 1,10,000 रुपये कामाआधीच पूर्ण दिले होते. त्यात माझे व्हिडिओ वर्षभर जाहिरात म्हणून वापरण्याची फीसुद्धा होती. तसं संमतीपत्र एजन्सीने त्यांना दाखवलं होतं, माझ्या नावाचं, माझ्या सहीचं. ती सही माझी नव्हती. त्या मॅडमही हादरल्या होत्या. आम्ही दोघी व्यवहाराच्या दोन टोकांना होतो आणि एकमेकींशी बोलू नये याची व्यवस्था पहिल्या दिवसापासून केलेली होती. सगळी लबाडी उभी होती ती त्या एका अटीवर.

माझा मावसभाऊ इथल्याच कोर्टात वकिली करतो. त्याने सांगितलेलं जपून ठेवा. करार झाला नाही म्हणजे व्हिडिओ आपोआप आपला, असं समजू नका. कॉपीराइट कायदा 1957 मधल्या कलम 17 प्रमाणे, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या चित्रीकरणाचा पहिला मालक, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, काम सांगणारा धरला जातो. म्हणून मालकी माझी, वापराची परवानगी ब्रँडला, हे लिहूनच घ्यायचं. आणि हक्क दिल्याच्या कागदावर मुदत नसेल तर कलम 19 प्रमाणे ती पाच वर्षं मानली जाते. किती दिवस, कुठल्या माध्यमात, कुठल्या उत्पादनासाठी, या तिन्ही गोष्टी कागदावर हव्यात.

दुसरं, ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 21 प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच केलं तर 50 लाखांपर्यंत. दाव्याची नीट खातरजमा केली होती हे दाखवता आलं तर सुटका असते. मी तर ती पावडर पाहिलीही नव्हती, पण हे सिद्ध करायचं तर माझ्या बाजूने लेखी काहीतरी असायला हवं. म्हणून जाहिरात दिसताच मी तारखेसह स्क्रीन रेकॉर्डिंग केलं, प्लॅटफॉर्मकडे तक्रार केली, 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करून सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर नोंद केली. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती मेटाच्या ॲड लायब्ररीत कुणालाही शोधता येतात, पण चालू असेपर्यंतच. आधी पुरावा गोळा करा, मग तक्रार करा. तक्रारीनंतर जाहिरात उतरली की दाखवायला काही उरत नाही.

एजन्सीचा जीएसटी क्रमांक मावसभावाने जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहिला. नोंदणी रद्द. हे तपासायला एक मिनिट लागतं, लॉगिनही लागत नाही. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, गुजरातचे 24, महाराष्ट्राचे 27. पुढच्या दहा जागांवर पॅन असतो. कापलेला टीडीएस माझ्या 26एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर भरलेला कर दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या पत्रकात, दिसला नाही, म्हणजे तोही एजन्सीवाल्याच्याच खिशात गेला. 28,000 अजून आलेले नाहीत, येतील असं वाटत नाही. लघुउद्योगांच्या 2006 च्या कायद्याने उद्यम नोंदणी असलेल्याचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवावं लागतं, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. पण त्यासाठी नोंदणी कामाच्या आधीच केलेली असलेली बरी. ती फुकट होते, आधार आणि पॅनवर. ज्यांचं महिन्याला एखादंच काम असतं त्यांनीही ती आजच करावी.

त्या घाणीच्या मालकांकडे मी नंतर स्वतः गेले. ते मला 'बेन' म्हणतात, मराठी कळतं पण बोलत नाहीत. त्यांच्याशी झालेल्या व्यवहारावरून मला कळलं की दोन्ही बाजूंना परवडणारं काम कसं ठरतं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, तुमचे बघणारे बडोद्यात किती? त्यांची गाडी शहर आणि आसपासच डबे पोचवते, पुण्याच्या हजारो व्ह्यूचा त्यांना काय उपयोग? मी इनसाइट्स, म्हणजे कोण कुठून बघतं याची आकडेवारी, उघडून त्यांच्यासमोर ठेवल्या. गुजरातचे प्रेक्षक कमी निघाले, म्हणून माझी फी मी उतरवली, आणि त्या बदल्यात एकाऐवजी वर्षभराचे चार व्हिडिओ ठरले. त्यांना 'हृदयासाठी उत्तम' असं म्हणून हवं होतं. मी म्हटलं, काका, ते मी सिद्ध करू शकत नाही, तुम्हीही नाही. घाणीत शेंगदाणे ओतण्यापासून तेल गाळेपर्यंत सगळं दाखवते. ते पटलं त्यांना.

गुजराती-मराठी मिसळून एक पान लिहिलं: व्हिडिओ किती, पैसे कधी, निम्मे आधी, जाहिरात म्हणून चालवायची तर 30 दिवस आणि त्याची फी वेगळी, दोन महिने दुसरं तेल नाही त्याचे पैसे वेगळे, कच्चं फुटेज माझ्याकडेच. माझ्या नावाचा कूपन कोड ठेवला, त्यामुळे किती डबे गेले ते दोघांनाही दिसतं. आकडा फुगवायची गरज मला नाही, लपवायची त्यांना नाही. पिठाच्या ब्रँडनेही आता माझ्याशी थेट लहानसा करार केलाय.

एजन्सी सगळ्याच वाईट नसतात. मोठी कामं त्यांच्यामार्फतच येतात, आणि चांगली एजन्सी मोबदला वाढवूनही देते. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: शूटच्या आधी एक ईमेल, ज्यात ब्रँडच्या अधिकृत पत्त्यावरचा माणूस, एजन्सी आणि तुम्ही तिघंही असाल, आणि वापराची मुदत, माध्यम आणि तुमची रक्कम लिहिलेली असेल. एजन्सीला आपलं कमिशन उघड करायचं नसेल तर नको, पण तुम्हाला काय मिळणार आणि तुमच्याकडून काय घेतलं जाणार, हे ब्रँडला माहीत असायलाच हवं. जी एजन्सी या ईमेलला नकार देते, तिच्यासाठी कॅमेरा काढू नका.

पावडरची ती जाहिरात एका पानावरून उतरली की दुसऱ्या नावाच्या पानावर येते. कुणाला दिसली तर पानाचं नाव आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट मला पाठवा, तक्रारीला जोडते. आणि घरात कुणी मधुमेही असेल तर त्यांना एवढं सांगा की ती पावडर मी कधीही वापरलेली नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही.