लांब नळी, तुरीचं वावर आणि खांद्यावरचा पट्टा : नऊ महिन्यांच्या जागलीनंतर

वडिलांची एक नळी बारा बोअर बंदूक २०२४ च्या मे महिन्यात माझ्या परवान्यावर आली. शेत किनवट तालुक्यात, जंगलाला चिकटून. सोयाबीनच्या शेंगा भरल्या की रानडुकरं उतरतात, पुढं हरभऱ्यात रोही (नीलगाई). म्हणून जूनपासून मार्चपर्यंत जवळजवळ रोज रात्री बंदूक घेऊन जागल केली. मधे खंड पडला तो विधानसभेच्या आचारसंहितेचा. १५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली, बंदूक ठाण्यात जमा केली आणि निकालानंतर परत मिळाली. तेवढे दिवस फटाके आणि पत्र्याचा डबा यांवरच भागवलं.

बंदूक कशी चालते हे इथं सांगायचं नाही. ती वागवायची कशी, हे सांगायचं आहे, कारण जागलीत नव्याण्णव टक्के वेळ ती नुसती वागवावीच लागते. नळी ३० इंचाची, पूर्ण बंदूक चार फुटांच्या जवळ, वजन तीन किलोच्या आसपास. तालुक्याला एकानं सहज सुचवलं, "नळी कापून घ्या ना थोडी." हे कुणीही मनात आणू नये. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ प्रमाणे तसा परवाना नसताना नळी आखूड करणं गुन्हा आहे. शिवाय संरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देताना कलम १३ मध्ये धरलेली नळी २० इंचांपेक्षा कमी नसलेली आहे. म्हणजे लांबी आहे तशीच राहणार, बदलायची ती आपली पद्धत.

पहिले दोन महिने साधा कापडी पट्टा, उजवा खांदा, नळी वर. पावसाळ्यात पाणी सरळ नळीत. तूर छातीएवढी झाल्यावर तर दर दहा पावलांना नळी फांदीत अडकायची आणि पट्टा खांद्यावरून घसरायचा. बॅटरी एका हातात असताना घसरती बंदूक सावरणं फार धोक्याचं आहे.

मग डाव्या खांद्यावर, नळी खाली अशी घ्यायला लागलो. तुरीतून चालायला ही पद्धत उत्तम. फांद्या लागत नाहीत, पाणी आत जात नाही. पण आपली माती काळी. सप्टेंबरमध्ये एका रात्री धुऱ्यावर (बांधावर) टेकलो, उठलो, आणि आमचा सालगडी म्हणाला, "मालक, आधी नळी बघा." बंदूक मोडून (म्हणजे बिजागरीवर नळी खाली वाकवून, मागचं तोंड उघडून) काडतूस काढलं, मागच्या बाजूनं बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर तोंडाशी बोटभर चिखलाचं बूच. तसाच बार काढला असता तर नळी फाटली असती आणि माझा डावा हात गेला असता. बूच बसलं की वायूला वाट राहत नाही, छर्रा आणि दाब दोन्ही तिथंच अडतात. तेव्हापासून बसून उठलो की बंदूक मोडायची, काडतूस काढायचं, नळीतून आरपार उजेड बघायचा आणि मगच पुढं पाऊल टाकायचं. नळीच्या तोंडाला पातळ प्लास्टिकची टोपी लावायचंही करून पाहिलं, पण अंधारात ती काढायची राहून जाईल या भीतीनं सोडून दिलं.

लांब नळी वागवायची हीच अडचण अमेरिकेत शिकारी रिव्हॉल्व्हरनाही येते. तिथं चव्वेचाळीस मॅग्नमसारख्या काडतुसाची, साडेसात इंच नळीची रिव्हॉल्व्हरं हरणाच्या शिकारीला वापरतात. कंबरेला लावलं की बसताना नळी टोचते, गाडीत अडते, म्हणून बरेच जण ते छातीवर आडवं बांधतात. दोन्ही हात मोकळे राहतात. ती कल्पना मी बंदुकीवर करून पाहिली. लांब पट्टा मानेतून घेऊन बंदूक पोटावर आडवी. एकट्याला बसून राहायला बरं, पण नळीचं तोंड कायम डावीकडे आणि डावीकडे बहुतेक वेळा सालगडीच असतो. चार रात्रींत बंद केलं.

मोटारसायकलवर मात्र बंदूक जोडलेली नेऊच नये. घर ते आखाडा (शेतातला गोठा-खोपा) तीन किलोमीटर, वाटेत बाभळीच्या फांद्या रस्त्यावर आलेल्या. एक नळीचे तीन भाग होतात : नळी, तिच्याखालची लाकडी पकड आणि दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग). ते सुटे करून कॅनव्हासच्या पिशवीत पाठीवर घेतो. आधी चामड्याचा गिलाफ शिवून घेतला होता. दिसायला देखणा, पण चामडं ओल धरतं. पोळ्याच्या सुमारास आठ दिवस बंदूक त्यातच राहिली आणि नळीवर तांबेऱ्याचे ठिपके उठले. आता घरी आलं की पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवतो आणि बंदूक पिशवीबाहेर, कुलपात ठेवतो. काडतुसं वेगळ्या कुलपात.

धुरा, नाला, तारेचं कुंपण ओलांडताना बंदूक मोडून, काडतूस काढून. शेतातल्या जागलीच्या माळ्यावर चढताना तर आपण आधी वर, मग रिकामी, मोडलेली बंदूक दोरीनं. वडील हे करायचे तेव्हा मला उगाच वेळकाढू वाटायचं. आज पोराला मी तेच शिकवतो.

नऊ महिन्यांत बार दोनदा काढला, दोन्ही वेळा समोरच्या उंच मातीच्या बांधाकडे. डुकरं पळाली. जनावरावर झाडायचं तर वनखात्याची परवानगी लागते, वन्यजीव कायदा १९७२ पासूनचा आहे आणि तो पाळलाच पाहिजे.

आज जे टिकलंय ते असं : दोन इंच रुंद सुती पट्टा, आतून खरखरीत, डावा खांदा, नळी खाली. नायलॉनचा पट्टा स्वस्त मिळतो पण घामात घसरतो. एकच खोट राहिली होती, पट्ट्याची कडी चालताना वाजायची आणि रोही लांबूनच कान टवकारायचे. कडीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, फेब्रुवारीपासून आवाज नाही.