पार्ले पूर्व की मुलुंड पूर्व: भाडेकरूच्या नजरेतून

घर भाड्याने घ्यायचं आहे आणि सोबत गुडघ्यांनी त्रासलेलं वडीलधारं माणूस आहे? मग मुलुंड पूर्व बघा. मला पार्लं जास्त आवडतं, तरी हेच सांगेन. सासऱ्यांना घेऊन आम्ही दोन्हीकडे राहिलोय, आधी पार्ल्यात, आता मुलुंडला.

पार्ल्याचं नाव उगाच झालेलं नाही. लोकमान्य १९२० साली गेले, पुढच्याच वर्षी पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. शंभर वर्षांनंतरही त्या माणसांनी करून ठेवलेल्याचा रोज उपयोग होतो. सेवा संघातलं व्याख्यान, दीनानाथ नाट्यगृहातलं नाटक, भाजी, बँक, डॉक्टर, सगळं पायी. बाबा, म्हणजे माझे सासरे, संध्याकाळी एकटे कार्यक्रमाला जायचे आणि येताना ओळखीचं कुणी ना कुणी भेटायचंच. असं म्हातारपण मुंबईत फार थोड्या ठिकाणी मिळतं.

घोडं अडतं ते जिन्यावर. विमानतळ शेजारी, म्हणून इमारतींच्या उंचीवर बंधन. वर मजले चढवता येत नाहीत, त्यामुळे पुनर्विकासाचं गणित अवघड होतं आणि तीन-चार मजली जुन्या सोसायट्या वर्षानुवर्षं तशाच राहतात. यातल्या कितीतरी बिनलिफ्टच्या. लिफ्टवाल्या नव्या इमारतीचं भाडं आम्हाला झेपणारं नव्हतं, म्हणून आम्ही तिसऱ्या मजल्यावर. बाबा आधी पिशवी वरच्या पायरीवर ठेवायचे, मग कठडा धरून चांगला पाय उचलायचे, मग दुसरा. पुन्हा पिशवी. हळूहळू त्यांनी खाली उतरणंच सोडलं. सेवा संघ हाकेच्या अंतरावर, आणि ते खिडकीत बसलेले. मला ते बघवत नव्हतं.

त्यात सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली. मालकांना बिल्डरकडून कॉर्पस म्हणजे एकरकमी पैसे, पर्यायी भाडं वगैरे मिळतं. अकरा महिन्यांच्या करारावरच्या भाडेकरूने फक्त सामान बांधायचं. पार्ल्यात स्वस्तात घर मिळतंय असं वाटलं तर बिल्डर ठरलाय का, हे सेक्रेटरींना आधी विचारा. एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही.

मुलुंडला त्याच भाड्यात लिफ्ट मिळाली. आमच्या गल्लीत सकाळी शांतता असते, डोक्यावरून विमानं जात नाहीत. बाबा आता चिंतामणराव देशमुख उद्यानापर्यंत जातात, तिथे त्यांचा कट्टाही जमलाय. नाटकाला मात्र रूळ ओलांडून पश्चिमेला कालिदास नाट्यगृहाला जावं लागतं, आणि मग रिक्षा आलीच. व्याख्यानं पार्ल्यासारखी दाराशी नाहीत, याची खंत बाबांना आहे आणि मलाही.

खरा भार पडलाय तो नवऱ्यावर. त्याचं ऑफिस मरोळला. पार्ल्याहून रिक्षाने जायचा. आता लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो. संध्याकाळी घाटकोपरच्या पुलावरची गर्दी माणसाला पिळून काढते. पावसाळ्यात कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आलं की दक्षिण मुंबईत नोकरी असलेल्या शेजाऱ्यांचे हालच. पार्ल्याहून पश्चिम रेल्वेसोबत हार्बरही मिळते, हा मोठा आधार होता. आमच्याकडे नोकरीला जाणारा एक आणि दिवसभर घरात असणारे बाबा, म्हणून आम्ही बाबांचा दिवस धरून ठरवलं. दोघांची नोकरी अंधेरी-सांताक्रूझ पट्ट्यात असेल, मुलं शाळेत असतील आणि जिना चढायची ताकद असेल, तर मी डोळे मिटून पार्लं सांगेन.

मुलुंड पूर्वेतही सरसकट कुठेही घर घेऊ नका. मिठागराच्या बाजूला डासांचा त्रास आहे, तिथलं घर संध्याकाळी खिडक्या उघड्या ठेवून बघा. हरि ओम नगर टोलनाक्यापलीकडे असल्यामुळे पूर्वी लोक टाळायचे. ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल नाही, त्यामुळे गाडीवाल्यांनी तिकडेही जरूर बघावं. स्टेशन मात्र तिथून लांब पडतं.