सायकलची चेन साफ करायचा डबा: पुण्याच्या धुळीत आणि चिखलात वापरून झालेलं मत

सरळ सांगतो, घ्या. पण चेनसाठीच घ्या. ह्याने कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या), पुल्या (चेन ज्यावरून फिरते ती छोटी चाकं) सगळं चकाचक होईल असं कोणी म्हणालं तरी तसं होत नाही आणि ते ह्याचं कामही नाही. चेन न काढता घरच्या घरी नियमित साफ ठेवायची असेल तर मात्र एवढ्या पैशात ह्याच्याहून सोपी वस्तू मी तरी पाहिली नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी, प्लास्टिकचा दोन भागांचा छोटा डबा असतो, आत गोल फिरणारे ब्रश आणि बाहेर धरायला दांडी. डब्यात रेषेपर्यंत डीग्रीझर (तेलकट घाण विरघळवणारं लिक्विड) भरायचं, चेनच्या खालच्या बाजूला डबा बसवायचा, झाकण लावायचं आणि एका हाताने डबा धरून दुसऱ्या हाताने पेडल उलटं फिरवत राहायचं, सावकाश, कारण जोरात फिरवलं की चेन आतबाहेर जाते तिथल्या फटीतून सगळं उडतं. गिअर मधल्या चकतीवर ठेवा म्हणजे चेन सरळ राहते. पंचवीस-तीस फेऱ्यांत आतलं स्वच्छ डीग्रीझर काळंभोर झालेलं झाकणातून दिसतं, आणि तळाशी जी बारीक कचकच बसते ना ती खरी चेन खाणारी गोष्ट. पावसात डोणजे-पानशेतची राइड करून आलात की ही कचकच हमखास असते.

फडक्याने पुसून चेन बाहेरून चमकते, पण झीज होते ती आत, पिन आणि तिच्यावर फिरणाऱ्या आतल्या पट्ट्यांच्या मधे. चेन लांबली असं आपण म्हणतो तेव्हा पट्ट्या ताणल्या गेलेल्या नसतात, पिनी झिजून प्रत्येक कडीत थोडी थोडी ढिलाई आलेली असते. घरी मोजता येतं, नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात, मोजपट्टी लावून १/१६ इंच जास्त दिसलं तर साधारण अर्धा टक्का झीज झाली, ११ स्पीडला, म्हणजे मागे ११ चकत्या असतील तर, तेवढ्यावर चेन बदलावी नाहीतर ती कॅसेट पण घेऊन जाते, आणि कॅसेटचा खर्च चेनपेक्षा बराच जास्त आहे.

आता डब्यात काय भरायचं ह्यावर बोलू कारण अर्धा रिझल्ट त्यावरच आहे. जुने मेकॅनिक रॉकेल नाहीतर डिझेल वापरतात, वंगण निघतं ह्यात वाद नाही, पण डिझेलचा स्वतःचाच तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर नवीन ल्यूब (चेनचं वंगण) बसायच्या आधी धूळ बसते. पेट्रोल अजिबात नको, त्याची वाफ साध्या ठिणगीने पेटते आणि आपण हे सगळं सोसायटीच्या पार्किंगमधे गाड्यांच्या शेजारी करत असतो. बाथरूमचं ॲसिड किंवा गंज काढायचं लिक्विड तर चेनच्या जवळ पण नेऊ नका, सायकलचे पार्ट बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या मॅन्युअलमधेच लिहिलंय की असल्या ॲसिडिक किंवा अल्कलाइन गोष्टींनी चेन तुटू शकते. मी सायकलसाठी मिळतं ते संत्र्याच्या वासाचं डीग्रीझर वापरतो, आणि ते काढून घेतलं की त्याच डब्यात कोमट पाणी आणि थोडं भांड्याचं लिक्विड भरून परत फिरवतो. ही दुसरी फेरी बरेच जण टाळतात. टाळू नका प्लीज, डीग्रीझर आत राहिलं तर नवीन ल्यूब पण तेच विरघळवून टाकतं.

राहिली कॅसेट. जुन्या बनियनची पट्टी फाडा, दोन चकत्यांच्या फटीत घाला आणि दोन्ही टोकं धरून मागेपुढे ओढा, ब्रशपेक्षा ह्याने जास्त निघतं. आणि डीरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणारा मागचा भाग) दोन छोट्या पुल्या विसरू नका, सगळ्यात जाड राप तिथेच असतो. आईस्क्रीमची लाकडी काडी पुलीच्या कडेला टेकवून पेडल फिरवा, राप सालपटासारखा गुंडाळत बाहेर येतो. तो तसाच ठेवून चेन कितीही साफ केली तरी पहिल्याच राइडमधे परत काळी होणार. हे चेन धुवायच्या आधी करा. डिस्क ब्रेक असेल तर रोटरवर (ब्रेकच्या धातूच्या चकतीवर) प्लास्टिकची पिशवी बांधा, थोडं जरी तेल पॅडला लागलं तरी ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. आणि वॉशिंग सेंटरवरचं प्रेशरचं पाणी हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) मारून घेऊ नका, बेअरिंगमधे पाणी जातं.

मग कोरड्या फडक्याने पुसून उन्हात पूर्ण वाळू द्या, प्रत्येक रोलरवर एक थेंब ल्यूब, थोडं फिरवून वरचं जास्तीचं पुसून टाका. बाहेर राहिलेलं ल्यूब काही कामाचं नाही, ते फक्त कात्रज बायपासची धूळ गोळा करतं.

काळं झालेलं डीग्रीझर गटारात ओतू नका, ते शेवटी मुठा नदीतच जातं. बाटलीत भरून ठेवा, एक-दोन दिवसांत गाळ खाली बसतो, वरचं पुढच्या वेळी पहिल्या फेरीला चालतं.

डब्याच्या तक्रारी दोन. फटीतून थोडं गळतंच, खाली पुठ्ठा टाकावा लागतो. आणि झाकणाचे खटके नाजूक आहेत, माझा एक सैल झालाय, आता रबरबँड लावून वापरतो, पण ब्रश अजून छान आहेत. मला साडेपाचशेच्या आसपास पडला. ऑनलाइन मागवण्यापेक्षा दुकानात जाऊन झाकण दोन-चार वेळा उघडझाप करून बघा, खटका घट्ट बसत असेल तोच पीस उचला.