नमुन्याची कडी खरी, पोत्यातली साखळी खोटी

जालन्यात आमचे भंगाराचे यार्ड आहे. तेथून वेगळे केलेले लोखंड सळई कारखान्यांच्या भट्ट्यांकडे जाते. पत्र्याच्या कडा आणि सळईचे तुकडे यांवरून लोडर दिवसभर फिरत असल्याने पुढच्या चाकांच्या 23.5-25 मापाच्या टायरांची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, कापली जाई आणि नक्षी शिल्लक असतानाही ते काढून टाकावे लागत. म्हणून टायरवर चढवायच्या संरक्षक साखळ्या घेण्याचे मी ठरवले.

विक्रेत्याने नमुन्याची एक कडी आणून माझ्यासमोर तिच्यावर कानस चालवली. कानस नुसती घसरली, ओरखडाही उठला नाही. चांगल्या साखळीच्या कडीचा पृष्ठभाग कार्बन मुरवून कडक केलेला आणि गाभा चिवट ठेवलेला असतो, हे मला ठाऊक असल्यामुळे माझी खात्री पटली. पक्के बिल न घेतल्यास भाव कमी करतो, हेही मी मान्य केले आणि सगळी रक्कम आगाऊ दिली. ही चूक सर्वस्वी माझी होती.

साखळ्या पोत्यांतून आल्या आणि त्याच्याच माणसांनी चढवल्या. आठवडाभरात त्या सैल पडल्या, तेव्हा नवी साखळी सुरुवातीला सैल होतेच, ती पुन्हा ताणून घ्यावी लागते, असे त्याने फोनवर शांतपणे सांगितले. हे खरेच आहे, आणि म्हणूनच मला संशय आला नाही. मी ती ताणून घेत राहिलो. कड्याच लांबत आहेत, हे मोजून पाहण्याचे सुचले नाही. महिनाभरात एक कडी उघडून तिचे टोक साइडवॉलमध्ये घुसले, आणि जो टायर वाचवायचा तोच गेला. त्या क्षणी चाकाजवळ कोणी उभे नव्हते, याचे आजही मला मोठे समाधान वाटते.

तुटलेल्या कडीला कानस लगेच लागली. प्रयोगशाळेत ती कापून तपासली असता पृष्ठभाग आणि गाभा सारखेच मऊ निघाले. साखळ्यांसोबतच्या प्रमाणपत्रावर हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या ओतणीचा क्रमांक, होता, पण कड्यांवर कसलाही शिक्का नव्हता, आणि बिल नसल्यामुळे दाद मागायला माझ्या हाती कागदच उरला नाही.

साखळी घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, आपल्या दारात उतरलेल्या प्रत्येक पोत्यातील कडीवर स्वतः कानस चालवावी आणि एक कडी कापून तपासल्याखेरीज साखळी चढवू देऊ नये. नमुन्याची ती कडी त्याने जाताना आठवणीने परत मागून नेली होती. ती आता दुसऱ्या यार्डात दाखवली जात असेल.