मे महिन्यातला ट्राउट: तीर्थन की बरोट?

म्हापशाहून चार दिवसांची सुट्टी काढली तर ट्राउट हा थंड पाण्यातला मासा गळाने धरायला हिमाचलातल्या दोन नद्या माझ्या मनात येतात: तीर्थन आणि बरोट गावची उह्ल. विमानाने चंदीगड गाठायचं, पुढे गाडी. मंडीपर्यंत वाट एकच.

तीर्थनसाठी औटच्या बोगद्याआधी लारजीकडे वळायचं, मग बंजार. पाणी थेट ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून येतं (२०१४ पासून जागतिक वारसा). काचेसारखं स्वच्छ, दगडांमधून खळाळणारं. शापोरा नदीत गरी टाकणाऱ्या आपल्या हाताला इथे नव्याने शिकावं लागतं: वजन गळाला नसतं, दोरीला असतं, आणि गळावर बांधलेली पिसांची नकली माशी प्रवाहावर अलगद उतरवायची असते. ब्राऊन ट्राउट हातात आला की अंगावरचे लाल ठिपके आणि त्यांभोवतीची फिकट कडी बघत राहावीशी वाटते. हात आधी ओले करा, कोरड्या बोटांनी त्याचा बुळबुळीत थर निघतो. फोटो पटकन काढा आणि सोडून द्या.

बरोट उह्ल नदीवर, घटासनीवरून वळणावळणाने. १९३३ साली सुरू झालेल्या शानन वीज प्रकल्पाचा जलाशय इथलाच. ट्राउटची पिल्लं वाढवणारी सरकारी हॅचरीही आहे. मुलं सोबत असतील तर बरोट बरं, पण धरणाखाली पाणी कमी असतं.

परवाना दोन्हीकडे मत्स्य विभागाचा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटला बंदी, म्हणून उन्हाळा मोकळा. मात्र मेच्या पहिल्या आठवड्यातच जा, नंतर बर्फ वितळून पाणी गढूळ होतं.

मी तीर्थनलाच जाईन.